परस्पर

आमच्या सोसायटीत मेश्रामकाकांची सही कोणी पाहिलेली नव्हती. कुरियरवाल्याने सहीसाठी मोबाइल पुढे केला की काका म्हणत, "पहले पूरा पढ़ने दो." त्यावर वाचण्यासारखं काही नसल्याने पार्सल परत जाई. शेवटी दिल्लीच्या द्वारकेतले सगळे कुरियरवाले त्यांची पार्सलं समोर आमच्याकडे देऊ लागले. सही मी करायचो, अर्थातच न वाचता.

काका मूळचे भंडाऱ्याचे. सरकारी खात्यात अनुवादक म्हणून निवृत्त झाले. इंग्रजीत कुठलाही कागद सभ्य दिसतो, मराठीत आणला की खरं बोलायला लागतो, असा त्यांचा सिद्धांत. लिफ्ट बंद असताना 'गैरसोयीबद्दल खेद आहे' ही पाटी वाचून ते सेक्रेटरीकडे गेले होते. खेद नक्की कोणाला झालाय, त्याचं नाव हवं होतं.

मी त्यांना हसायचो. मग गेल्या हिवाळ्यात गुडगावच्या माझ्या कंपनीने अठरा वर्षांनी मला निरोप दिला. एचआरच्या मुलीने आठ पानांचा करार पुढे सरकवला. शुक्रवारपर्यंत सही हवी, बस फॉर्मॅलिटी है सर. मी तिथेच सही करणार होतो, पण चष्मा घरी राहिला होता. माझे शहाणपणाचे निर्णय साधारण असेच होतात.

करार घरी आणून मी काकांना दाखवला, आणि ते रोज संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसू लागले. पहिली संध्याकाळ शीर्षकातच गेली. 'म्युच्युअल सेपरेशन.'

"परस्पर फारकत," काका म्हणाले. "आता परस्पर म्हणजे दोघांनी मिळून ठरवलेली, की तुला न विचारता परस्पर ठरवलेली?"

"न विचारता."

"मग खाली 'स्वेच्छेने राजीनामा देत आहे' हे कोण म्हणतंय?"

सही केली असती तर मीच म्हणत होतो. शिवाय वर्षभर या धंद्यातल्या दुसऱ्या कुठल्याही कंपनीत नोकरी करणार नाही, असंही पाचव्या पानावर म्हणत होतो. बावन्नाव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही. हेही नीट येत नाही, असं कंपनीचं मत. मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं बाकी होती. काकांनी ते कलम मराठीत वाचलं तेव्हा टेबल पुसणारा बायकोचा हात थांबला.

काकांनी सांगितला तसा मेल मी केला. दोनदा फोन झाले, एचआरचा गोड आवाज थोडा कमी गोड झाला. वर्षाची अट गेली, 'स्वेच्छेने' गेलं. 'परस्पर' राहिलं.

"राहू दे," काका म्हणाले. "तेवढं खरं आहे."

पण नव्या प्रतीत एक नवं कलम होतं. हा करार वकील आणि निकटचे कुटुंबीय सोडून कोणालाही दाखवायचा नाही. काकांनी ते दोनदा वाचलं, पेन्सिल खाली ठेवली.

"यात मी कुठे बसतो?"

वकील तर ते नव्हते. काकूंना जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा कॅनडात.

"कुटुंबात. आणि ताटं घ्यायचीत, कागद उचला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

लिफ्टच्या खेदाचंही नाव मागणाऱ्या माणसाने याला पुरावा मागितला नाही.

मी सही केली. साक्षीदाराची रेघ रिकामी होती. काकांनी माझं पेन घेतलं आणि तिथे सुवाच्य मराठीत सही केली. खाली पत्ता लिहायचा होता. त्यांनी आमच्या फ्लॅटचा नंबर लिहिला. मग त्याकडे बघत बसले, एका रेघेत तो खोडला, समोरचा आपला लिहिला, आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली.