गुरुवारचं चारित्र्य

जलतरण मंडळाच्या कार्यकारिणीने एकमताने असा ठराव केला की मंडळातल्या मुलामुलींमध्ये मनोबल व चारित्र्य निर्माण करण्यात यावे. त्यासाठी गुरुवारची संध्याकाळ मुक्रर झाली, कारण त्या दिवशी तलावाची सफाई असे आणि मुलं तशीही रिकामीच असत. चारित्र्यासाठी स्वतंत्र खोली उपलब्ध नव्हती. तूर्तास ते कपडे बदलायच्या खोलीत सुरू झालं.

मासोळीच्या बाबांनी तिचं नाव सगळ्यांच्या आधी घातलं. मासोळी हे तिचं लाडाचं नाव. पोरगी एकदा पाण्यात पडली की बाहेर यायचं नाव घेत नसे, आणि पोहणं बंद करीन अशी नुसती धमकी दिली तरी न सांगता अभ्यासाला बसे. बाबा एका विमा कचेरीत होते. साहेबांनी कागदावर बोट ठेवून "हे काय?" एवढं विचारलं तरी रात्री त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यामुळे मनोबलाची किंमत त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

"आपल्याला नाही जमलं, निदान पोरीला तरी जमू दे," ते बायकोला म्हणाले.

"मग तुम्हीच का जात नाही गुरुवारी?"

"मोठ्यांना घेत नाहीत गं."

वर्गासाठी बाहेरून पोलादी सरांना आणण्यात आलं. हे नाव त्यांना लोकांनी दिलेलं नव्हतं, त्यांनी स्वतःच पाडून घेतलं होतं. यापूर्वी ते गाद्या-उशांच्या दुकानात विक्रीप्रमुख होते. त्यांची पद्धत सरळ होती. मुलांना गार फवाऱ्याखाली उभं करायचं, प्रत्येकाचा यथास्थित पाणउतारा करायचा, आणि "आपण कोण?" असं ओरडायचं. मुलांनी कुडकुडत "पोलाद!" म्हणायचं. रडायला मनाई होती. अगदीच आवरलं नाही तर फवारा चालू असेपर्यंत रडून घ्यावं, अशी सवलत होती.

पालक खूश झाले आणि लगोलग तक्रारी सुरू झाल्या. एका आईचं म्हणणं पडलं की शेजारच्या मुलाला चांगलं पाच मिनिटं गाढव म्हणतात आणि आमच्याला नुसतं मंद म्हणून सोडून देतात, फी मात्र दोघांची सारखीच. तेव्हा सर्वांना समान अपमान हे धोरण ठरलं. पुढे सरांनी जाहीर केलं की माणूस हरल्याने घडतो. त्याप्रमाणे सरावाच्या शर्यतींत प्रत्येकाला आळीपाळीने हरवण्यात येऊ लागलं. त्यावर पालकांची विनंती आली की आजी-आजोबा बघायला येतील त्या दिवशी कृपया आमच्या पाल्याला घडवू नये. ती मान्य झाली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आंतर-मंडळ स्पर्धा आल्या. ढाल कुणाला जाणार हे शेवटच्या शर्यतीवर येऊन ठेपलं. शर्यत ब्रेस्टस्ट्रोकची होती आणि मासोळी पहिली आली. अध्यक्षांनी सरांना मिठी मारली. बाबांनी ओळख ना पाळख अशा माणसाला मिठी मारली. इकडे मासोळी नाक पुशीत पंचांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, वळताना माझा एकच हात लागला भिंतीला. डावा मागे राहिला."

ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात, नाहीतर पोहणारा बाद होतो. पंच नेमके त्याच वेळी चष्म्यावरची वाफ पुसत होते. त्यांनी तिला दोनदा विचारलं, तिने दोनदा तेच सांगितलं. ढाल समोरच्या मंडळाकडे गेली.

क्षणभर बाबांचा ऊर भरून आला. मग त्यांची नजर अध्यक्षांच्या चेहऱ्यावर गेली आणि तो तितक्याच वेगाने रिकामा झाला.

दुसऱ्याच दिवशी कार्यकारिणीची तातडीची बैठक बसली. भिंतीवर 'चारित्र्य हाच खरा विजय' अशी पाटी होती. अध्यक्ष तिच्याकडे पाठ करून बसले.

"खरेपणा आपल्या अभ्यासक्रमात आहे," पोलादी सर म्हणाले, "पण पुढच्या सत्रात. हिने शिकवण्याआधीच वापरला."

"आणि भर स्पर्धेत!" अध्यक्ष म्हणाले. "अहो, गुरुवारी केलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या आपण. मंडळाचं चारित्र्य असं परस्पर कुणी काढून वाटायचं नसतं."

निर्णय झाला. मासोळीने पंचमंडळापुढे जाऊन सांगावं की मी गोंधळले होते, दोन्ही हात लागले होते. तसं न केल्यास तिने उद्यापासून तलावावर येऊ नये. मुलीला समजावण्याचं काम पालकांवर सोपवण्यात आलं.

बाबांनी तिला समोर बसवलं.

"पण बाबा, नव्हता लागला हात."

"कुणी पाहिलं?"

"मी."

"तू सोडून?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, काय शिकवताय तिला?"

"तू मधे पडू नकोस. पोहणं बंद झालं तर चालेल तिला?"

आई पुन्हा पोळ्या लाटू लागली. मासोळीने विचारलं, "बाबा, तिथे खोटं बोलताना मला रडू आलं तर?"

"वेडाबाई," बाबा मायेने म्हणाले, "म्हणून तर गुरुवारी जातेस ना तू!"

पंचमंडळापुढे ती ताठ उभी राहिली. दोन्ही हात एकदम लागले होते, नंतर मी घाबरले, असं तिने खणखणीत आवाजात सांगितलं. पापणी लवली नाही, आवाज कापला नाही. पंचांनी फिरवून फिरवून विचारलं, तिने डावा हात भिंतीला कसा टेकला तेही करून दाखवलं. पोलादी सरांचे डोळे पाणावले. ढाल परत आली आणि मासोळीला मंडळाचं पहिलं मनोबल पदक मिळालं. सगळ्यात आधी टाळ्या बाबांनी वाजवल्या.

घरी परतताना बाबांनी विचारलं, "बाळा, बाबांचा राग नाही ना आला?"

"नाही बाबा."

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा शांत होता, नजर स्थिर होती, पंचांपुढे होती तशीच. पोर खरं सांगतेय की नाही हे एरवी त्यांना तिच्या नाकाच्या शेंड्यावरून कळायचं. आज काही म्हणजे काही कळेना. रात्री घास घशाखाली उतरला नाही, आणि साहेब तर रजेवर होते.

पदक सध्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर लावलेलं आहे. तुम्हीही कधीतरी जाल त्यांच्याकडे. मासोळी हसतमुखाने पाणी आणून देईल, पदक कशाबद्दल मिळालं ते न अडखळता सांगेल. तुम्ही ते हातात घेऊन बघाल, "वा!" म्हणाल. आणि निघताना दारात चपला घालता घालता, आजवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याने विचारलं तसं, तुम्हीही बाबांना आवाज खाली आणून विचाराल की गुरुवारच्या वर्गात आमच्या छोट्यासाठी एखादी जागा आहे का.