दगडांचा तास

खेळाच्या बाई जिन्यावरून घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि त्यांनी वर्षभर रुजवलेली नवी पद्धत पोरकी झाली. कवायत नाही, शिट्टी नाही. खेळ मुलांनीच शोधायचे, नियमही त्यांनीच करायचे. मुख्याध्यापकांना हे थेर कधीच पटले नव्हते. त्यांनी गणिताच्या सरांच्या हाती जुनी शिट्टी ठेवली. "चार दिवसांत पोरं सुतासारखी सरळ करा!"

सोमवारी सर सभागृहाच्या दारातच थबकले. तिसरीची चाळीस मुलं जागोजागी उभी होती. कुणाचा हात हवेत, कुणाचा पाय अधांतरी. कुठेही हूं की चूं नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत गप्प तिसरी त्यांनी प्रथमच पाहिली. त्यांनी शिट्टी फुंकली. एकही पापणी लवली नाही. फक्त चाळीस जोडी डोळे हळूहळू त्यांच्याकडे वळले.

"सर, तुम्ही हललात," दोन वेण्यांची मुलगी ओठ न हलवता म्हणाली.

"बरं, मग?"

"मग तुम्ही दगड."

सर हसले. त्या शांततेत ते हसू एकटंच घुमून परत आलं. गंमत म्हणून तेही न हलता उभे राहिले. घंटा झाली. कुणी न सांगता मुलांची रांग लागली आणि पावलांचा आवाज न करता बाहेर गेली. आता निघावं म्हणून सरांनी पाय उचलला. पाय उचलेना.

वीस मिनिटांनी मुख्याध्यापक त्यांना शोधत आले. कानाला फोन. पलीकडे बाई. "बाई, तुमची नवी पद्धत आजपासून बंद," असं सांगतच ते आत शिरले. "अहो सर, पाचवी वाट बघतेय!"

"हलू नका," सर पुटपुटले.

"काय पोरखेळ लावलाय?"

"मोठे सर, हललात," मागून, दाराबाहेरून बारीक आवाज आला. मुख्याध्यापकांना वळून बघायचं होतं. मान वळेना.

"हॅलो? सर?" बाई विचारत होत्या.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "दगडांना सोडवायचं कसं?"

"कुठले दगड? नियम मुलं ठरवतात, तीच तर पद्धत. त्यांनाच विचारा ना पुढच्या तासाला."

"कधी आहे?"

"गुरुवारी."

मुख्याध्यापकांच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला. पुसायची सोय नव्हती.

"गुरुवारी कशाला? रोज ठेवा हो हा तास! रोज!"

दाराबाहेरून चाळीस गळ्यांची एकदम कुजबुज आली, "रोज?"