पाहुणे म्हणून येऊ नका

नाथाजी हवालदारांनी लष्करात चोवीस वर्षं काढली, त्यातली अकरा कचेरीत. रजेचे अर्ज, बदल्यांचे कागद, हरवलेल्या कांबळ्यांचे खुलासे, असलं सगळं त्यांनी एका बैठकीत खरडून फेकलं होतं. पण लेकीच्या लग्नाची चार ओळींची पत्रिका लिहायला बसले आणि भर थंडीत त्यांना घाम फुटला.

लेक संयोगिता सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवायची. होणारा जावई भरतेश तिच्याबरोबरच शिकवणारा, तिकडच्याच एका जैन शेतकरी घरातला. दोघांनी मिळून ठरवलं होतं, की सकाळी सांगलीत नोंदणी करायची, दुपारी पाटणजवळच्या आपल्या मळ्यावर येऊन सगळ्यांनी जेवायचं आणि आपापल्या घरी जायचं. बँड नाही, घोडा नाही, आहेर नाही. माणसं मोजून साठ. नाथाजींनी दोन दिवस फुगून बसून पाहिलं. लेक बधत नाही म्हटल्यावर "तुझं लगीन, तुझा हुकूम" म्हणून शरण गेले.

"पत्रिका छापायची नाही, आबा. मोबाइलवर पाठवायची," संयोगिता म्हणाली. "आणि तिच्यात नावं नकोत."

"नावं न्हाईत? मग लोकांनी वाचायचं काय?"

प्रश्न रास्त होता. त्या भागात पत्रिका हातात पडली की माणूस वधूवरांकडे बघत नाही. तो आधी बोट फिरवत आपलं नाव शोधतो, मग ते कुणाच्या खाली छापलंय ते पाहतो आणि त्यावरून लग्नाला किती वेळ थांबायचं ते ठरवतो. खुद्द नाथाजींचं ओढ्यापलीकडे राहणाऱ्या थोरल्या भावाशी, लालासाहेबांशी, सहा वर्षं बोलणं बंद होतं ते यापायीच. लालासाहेबांच्या मुलाच्या, वीरधवलच्या लग्नपत्रिकेत बहात्तर नावं होती, आणि सख्ख्या चुलत्याचं नाव सोसायटीच्या सेक्रेटरीच्या खाली, नवव्या ओळीत. छापणाऱ्यानं घोळ घातला, असं लालासाहेब म्हणाले. नाथाजींनी अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आले. तेव्हापासून दोघे भाऊ ओढ्याच्या दोन काठांवरून एकमेकांच्या उसाची उंची तेवढी बघत होते.

"म्हणूनच म्हणते, नावंच नकोत," संयोगिता म्हणाली. "लिहा तुम्ही."

नाथाजींनी चष्मा लावला आणि लिहिलं, 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, दिनांक चौदा डिसेंबर रोजी सोळाशे वाजता कु. संयोगिता हिच्या विवाहानिमित्त मळ्यावर भोजनास हजर राहावे. विलंब खपवून घेतला जाणार नाही.'

"आबा, हे समन्स आहे."

"मग तूच लिव."

संयोगितानं लिहिलं, 'आम्ही लग्न करतोय. चार वाजता जेवायला या.'

"जेवायला या? लगनाचं आवतन हाय का तेराव्याचं?" नाथाजी उसळले. मग 'फक्त साठ जणांसाठी' असं घालून पाहिलं, तर 'फक्त' वाचून एकसष्टावा कोण ते शोधत बसतील, म्हणून तेही खोडलं. असे चार दिवस गेले. वहीचा पाठपोट खिमा झाला. शेवटी परातीत कणीक तिंबता तिंबता नाथाजींच्या बायको, मनुबाई वैतागल्या.

"आवं, यवढं काय डोस्कं फोडायचं त्यात? आपलीच माणसं हायती. पाव्हणं म्हून येऊ नका, घरची म्हून या, असं लिवा की!"

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. मजकूर ठरला. 'आमच्या संयोगिताचं आणि भरतेशचं लग्न साधेपणानं, घरच्या घरी आहे. पाहुणे म्हणून येऊ नका, घरचे म्हणून या. रोजच्या कपड्यांत या. दुपारी चारला मळ्यावर जेवण.' नाथाजींनी तो तीनदा मोठ्यानं वाचला. आपल्या बायकोत एवढी अक्कल आहे हे तीस वर्षांत ध्यानात आलं नाही, याचं त्यांना जरा वाईटही वाटलं.

"दादास्नी तेवढं घरी जाऊन सांगा," मनुबाई म्हणाल्या. "वढा तर वलांडायचाय."

"सगळ्यास्नी सारकं. संयूचा हुकूम हाय," नाथाजी म्हणाले आणि लेकीच्या आड लपले.

खरी गोष्ट अशी, की ओढ्याकडे पाय वळत नव्हते. संयोगिता चालायला शिकली ती लालासाहेबांचं बोट धरून. तेव्हा नाथाजी सीमेवर बर्फात होते. दादा आला नाही, तर साठ काय सहाशे माणसं आली तरी आपल्याला मांडव ओकाच वाटणार, हे ते जाणून होते. तरी त्यांनी थोरल्या भावाचा नंबर काढला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. पाचव्या मिनिटाला दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. नाथाजी गुराला वैरण टाकतानाही मोबाइल काढून बघायचे.

बाकीच्यांची उत्तरं मात्र धडाधड आली. आणि वाईट म्हणजे सगळ्यांनी पत्रिका खरी मानली.

लग्नाला चार दिवस असताना पाटणहून नाथाजींची चुलत बहीण भामाबाई पोळपाट-लाटणं घेऊन एसटीतून उतरली.

"आक्का, लगीन रविवारी हाय," नाथाजी चाचरत म्हणाले.

"घरची म्हून बोलिवलंस न्हवं? मग घरची काय चारच्या ठोक्याला येत्यात व्हय?" असं म्हणून तिनं मनुबाईंच्या कमरेच्या किल्ल्या आपल्या कमरेला लावल्या.

दुसऱ्या दिवशी पलटणीतले जुने सोबती भाऊसो आले. त्यांनी मांडव पाहिला आणि उन्हाची तिरीप लागते म्हणून तो आंब्याखाली हलवला. मेहुणे आले, त्यांनी आंब्याच्या मुंग्या बघून तो विहिरीकडे नेला. संध्याकाळी भाऊसोंनी तो पुन्हा आंब्याखाली आणला. कुणी कुणाला विचारत नव्हतं. घरचा माणूस विचारतो कशाला? सांगलीहून विहीणबाई गुणमालांचा फोन आला, की गव्हाची खीर आमच्याकडून, आम्ही सकाळी नोंदणीला न थांबता तिकडंच येतो, आम्ही काय परके आहोत?

आदल्या दिवशी भामाबाईनं कहर केला. केटररनं ठरवलेले दहा वाढपी तिनं परस्पर फोन करून रद्द केले.

"घरचं कार्य आन भाड्यानं वाढपी? मानसं तोंडात श्यान घालतील," ती म्हणाली. "आमी हाय की वाढायला."

नाथाजींनी मोबाइल काढला आणि परत खिशात ठेवला. मजकूर त्यांच्याच नंबरावरून गेला होता.

रविवारी नोंदणी झाली. साडेतीनला गाड्या मळ्यावर आल्या. जेवण तयार होतं. विहीणबाईंच्या मंडळींसाठी सगळा स्वयंपाक बिनकांद्याचा, बिनबटाट्याचा केला होता. चारला बस्करं अंथरली, पत्रावळ्या मांडल्या, पाणी फिरलं. नाथाजी मांडवाच्या मध्यभागी उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "चला मंडळी, बसून घ्या!"

कुणी बसलं नाही.

नाथाजींनी मागं वळून पाहिलं. एकूणएक माणूस उभा होता. भाऊसोंच्या हातात आमटीची बादली, मेहुण्यांच्या हातात जिलेबीचं ताट, भामाबाईच्या हातात मीठ. गुणमाला पदर खोचून खिरीचा डाव धरून उभ्या होत्या आणि त्यांच्यासोबत आलेली सगळी मंडळी लिंबाच्या फोडी, चटणी आणि पाण्याचे जग घेऊन मागं. सगळे पत्रावळ्यांच्या रांगांकडे कौतुकानं बघत कुणीतरी बसायची वाट पाहत होते.

तेव्हा कुठं नाथाजींच्या ध्यानात आलं, की आपण काय करून बसलो. घरचा माणूस पाहुण्यांच्या आधी जेवत नाही. मांडवातला शेवटचा पाहुणा हात धुऊन उठला की मगच घरच्यांची पंगत. आणि आपण तर एकही पाहुणा बोलावलेला नाही.

"भाऊसो, तू बस की गड्या."

"म्या? हवालदार, घरचा हाय म्या. आदी पाव्हण्यांचं हुंदे."

"ईनबाई, तुमी तरी. वराकडची मानसं तुमी, तुमचा मान पैला."

"हे बघा," गुणमाला म्हणाल्या, "पत्रिकेत काय लिवलंय? आमी काय पाव्हणं हाय व्हय? आमी मागनं बसू."

नाथाजींनी कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढला. "पैली रांग, बैठ जाव!" भाऊसोंनी खाडकन टाचा जुळवल्या आणि पहिल्या रांगेतल्या पत्रावळ्या एका रेषेत लावायला घेतल्या. नाथाजी लेकीकडे वळले, तर नवरीच्या हातात मसालेभाताचं पातेलं होतं आणि नवऱ्याच्या हातात उलथणं.

"तुमी दोघं तरी बसा, बाई!"

"आबा, साधं लग्न म्हणजे वाढायला आम्हीच, असं आमचं आधीच ठरलंय."

पाच वाजले. मसालेभाताची वाफ गेली. जिलेब्या मऊ पडल्या. डिसेंबरचा दिवस, सहाला सूर्य डोंगराआड जाणार आणि विहीणबाईंची मंडळी दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाहीत. आणखी तासाभरात ती बावीस माणसं उपाशीपोटी सांगलीच्या रस्त्याला लागली असती. लेकीच्या लग्नात विहीण उपाशी गेली, हे नाथाजींच्या पुढच्या सात पिढ्यांना तालुक्यानं ऐकवलं असतं. नाथाजींनी अखेर लेखी माफी मागायची ठरवून खिशातलं पेन काढलं, पण 'सर्व संबंधितांना' एवढं लिहून तेही खोडलं.

एवढ्यात बांधावर गाडी थांबली.

गाडीतून लालासाहेब उतरले. ओढा ओलांडून यायला चार मिनिटं लागतात. ते पुलावरून तीन किलोमीटरचा वळसा घालून आले होते. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि चाल अशी की परमुलखात आलेत.

"दादा!" नाथाजींचा आवाज चिरकला. "आलासा!"

"रामराम," लालासाहेब म्हणाले. "पत्रिका आली, म्हून आलो. पाव्हणा हाय. जेवतो आन जातो."

"पाव्हणं कसं, दादा? घरची म्हून या, असं लिवलं हुतं की."

"वाचलं. नाथा, घरच्याला कुणी मोबाइलवर सांगतं व्हय, का घरचा म्हून ये? ज्याला सांगावं लागतं, त्यो पाव्हणाच."

नाथाजींना मान खाली घालावीशी वाटली आणि त्यांनी ती घातलीही. पण शरमेच्या पाठोपाठ दुसरा विचार आला आणि त्यांचे डोळे लकाकले. मांडवात पाहुणा आला होता! भामाबाईलाही ते त्याच क्षणी सुचलं. "पाव्हणं आलं गं बाई, पाव्हणं!" अशी तिनं आरोळी ठोकली आणि साठ पत्रावळ्यांच्या मधोमध लालासाहेबांना बसवलं.

मग सगळा मांडव त्यांच्यावर तुटून पडला. एक तास हातात भांडी धरून अवघडलेली माणसं ती. चार बाजूंनी चार डाव आमटी पडली. जिलेबीवर भात, भातावर खीर, खिरीवर लिंबू. अकरा जणांनी मीठ वाढलं. "वाईच घ्या की", "आमच्या हातची खावा" असा नुसता गलका. लालासाहेब पत्रावळीवर आडवे हात धरून ओरडत होते, "आरं, बास! बास की!" फेट्याच्या शेमल्याला मठ्ठा लागला.

"माज्यासंगं कोण बसणार हाय का न्हाई?" ते गरजले. "एकट्याच्या नरड्यातनं घास उतरतो व्हय?"

"आमी घरची हाय," पन्नासेक आवाज एकदम आले.

"दादा, हितं पाव्हणा कुणीच न्हाई," नाथाजी रडकुंडीला येऊन म्हणाले. "कुणीच बसंना. आन ईनबाईंची मानसं दिस मावळला की जेवत न्हाईत."

लालासाहेबांनी डोंगराकडे पाहिलं. सूर्य कासराभर उरला होता. ते पत्रावळीवरून ताडकन उठले.

"भाऊसो, बादली ठेव खाली! भामे, बस! ईनबाई, हात जोडून सांगतो, बसून घ्या." कुणी हललं नाही, तशी त्यांनी मांडवाची मेढ गदागदा हलवली. "बसा म्हंतो न्हवं! ह्या घरातला थोरला म्या हाय. हाय का मेलोय?"

थोरल्यानं सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. गुणमालांनी डोईवर पदर घेतला आणि पहिल्या बसल्या. त्यांच्या मागं सगळी रांग खाली गेली. भाऊसो बसले, मेहुणे बसले, नवरानवरीही गुपचूप बसली. लालासाहेब आपल्या भरल्या पत्रावळीकडे वळले आणि तिथंच थबकले. थोरला म्हणवून घेतल्यावर आता पहिल्या पंगतीला बसायचं तोंड उरलं नव्हतं. त्यांनी फेटा काढून मेढीला अडकवला, बाह्या सारल्या आणि खिरीची बादली उचलली. नाथाजींनी आमटी घेतली. दोघे भाऊ साठ माणसांच्या पंगतीत धावत वाढत सुटले. संयोगितासमोर आल्यावर लालासाहेबांनी तिला तीन डाव खीर वाढली आणि घाईघाईनं पुढं गेले. विहीणबाई शेवटचं पाणी प्यायल्या तेव्हा डोंगरावर उजेडाची बारीक कड राहिली होती.

सगळी उठल्यावर दोघे भाऊ समोरासमोर बसले. थंड भात उरला होता आणि बादलीच्या तळाची आमटी.

"धा दिस झालं पत्रिका धाडून," नाथाजी पत्रावळीकडे बघत म्हणाले. "वाचली आन उत्तर न्हाई. म्या म्हटलं, दादा काय येत न्हाईत."

"उत्तरच लिवत हुतो रं," लालासाहेब म्हणाले. "रोज लिवायचो आन पुसायचो. येतो म्हटलं तर लय सोपं वाटायचं. न्हाई म्हणवत न्हवतं. लिवायला जमंना, म्हून गाडी काढली."

नाथाजींनी डोळे पुसले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून भाताचं पातेलं पुढं ओढलं.

"दादा, भात वाढू का थोडा?"

"वाढ की मुकाट्यानं!" लालासाहेब खेकसले. "पाव्हण्याला इचारल्यागत इचारतोस काय?"