माडीवरच्या खोल्यांचा लिलाव

लातुरात माझ्याइतका हिशेबी माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही. तूर मुठीत घेतली की डोळे मिटून भाव सांगतो. अशा माणसाला इन्कमटॅक्सच्या कचेरीत सदरा भिजेपर्यंत घाम फुटला, त्याला कारण एकच, पंचाक्षरी.

पंचाक्षरी माझा शेजारी. घराला घर लागून, आडतीच्या दुकानाला दुकान लागून. त्याचं काही चांगलं झालं की मला जेवण जात नाही. हे मी मोकळेपणानं सांगतो, कारण माझं काही चांगलं झालं की त्यालाही जात नाही.

लातूर जिल्हा झाला आणि गावात कचेऱ्याच कचेऱ्या आल्या. साहेब आले, कारकून आले, पण त्यांनी राहायचं कुठं? मी माडीवरच्या दोन खोल्या शेतकी खात्यातल्या नरसिंग कारकुनाला दिल्या. भाडं महिन्याला तीनशे. मी खूश होतो. तेवढ्यात पंचाक्षरीनं आपल्या खोल्या एका इंजिनिअरला दिल्या. इंजिनिअर! त्या दिवसापासून माझा जीव नुसता जळून राहिला.

त्यात पडला दुष्काळ. बाजारात ना तूर, ना करडी. आम्ही सगळे आडते दुकानापुढं बसून माशा मारून राहिलो. लिलावाला माल नव्हता, पण बोली लावायची सवय काही जात नव्हती. एका सकाळी हॉटेलात चहा पिता पिता पंचाक्षरी म्हणाला, "आमचा इंजिनिअर चारशे देतो बरं का, अप्पा."

"चारशेच? आमचा नरसिंग पाचशे देतो," मी म्हणालो. जीभ ती, बाजारात वाढलेली.

"मी नुसत्या खोल्यांचे म्हणालो. अंगण धरून साडेपाचशे."

"आमचे नळाचं पाणी धरून सहाशे." नळाची तोटी गंजून गेली होती, पण ते त्याला कशाला सांगू?

"साडेसहाशे."

"सातशे."

आडते भोवती गोळा झाले. कुणीतरी सवयीनं "सातशे एक वार, सातशे दोन वार" म्हणायला लागलं. पंचाक्षरीची बोली तिथंच थांबली. सौदा मी मारला आणि घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यानं सांगितलं, त्या गर्दीत मागं उभा राहून चहा पिणारा पाहुणा इन्कमटॅक्सचा नवा साहेब होता. खोली शोधायला आलेला. जाताना आम्हा दोघांची नावं विचारून गेला म्हणे.

दुकानाचं रिटर्न मी भरत होतो, पण त्यात भाड्याचा एक पैसा दाखवला नव्हता. घर आपलं, खोल्या आपल्या, त्याचं काय उत्पन्न, असं मला वाटायचं. माधवराव वकिलाकडं पळत गेलो.

"उत्पन्नच असतं ते, अप्पा," वकील म्हणाले. "नोटीस यायच्या आत स्वतः जाऊन सांगा. राहिलेला टॅक्स भरा, वर व्याज भरा, दंड वाचेल. फक्त खरं काय ते सांगा."

"त्यात काय अवघड हाय?" घरी आल्यावर बायको म्हणाली. सिद्धम्माला सगळंच सोपं वाटतं. "तीनशे म्हणायचं आन घरी यायचं."

"हाव," मी म्हणालो.

कचेरीत गेलो तर बाकड्यावर पंचाक्षरी बसलेला. तोही त्याच कामाला आलेला. साहेबानं दोघांना एकदमच आत घेतलं.

"हं, गुरुपादप्पा. भाडं किती?"

पंचाक्षरी माझ्या तोंडाकडं टक लावून बघून राहिला. तीनशे म्हणावं तर संध्याकाळपर्यंत आख्ख्या बाजारात माझी शोभा. सातशे म्हणावं तर न मिळालेल्या पैशावर टॅक्स आणि त्यावर व्याज. साहेबानं पेन उचललं.

"सातशे," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. पाणी धरून."

साहेबानं पुरावा मागितला नाही. जास्त सांगणाऱ्याला कोण पुरावा मागतंय? मी छाती काढून बसलो. आता पंचाक्षरीला साडेसहाशे म्हणावं लागणार होतं, तेही सरकारी कागदावर. व्याजाचं दुःख निम्मं झालं.

"आणि तुमचं?"

पंचाक्षरीनं हात जोडले. "साहेब, अडीचशे. पावत्या आणल्यात. बाजारात बोललो ते समदं खोटं. इंजिनिअर बी न्हाई तो, इंजिनिअरच्या हाताखाली मोजायची टेप धरतो. अप्पाच्या माडीकडं बघून जीव जळायचा, म्हणून बोललो."

साहेब खदखदून हसला आणि त्यानं अडीचशे लिहून घेतले. मला शरम वाटायला हवी होती. मला राग आला. एवढं सोपं होतं तर हे मला आधी कसं सुचलं नाही, आणि नेमकं ह्यालाच कसं सुचलं? "साहेब, माझं पण..." असं म्हणायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात पंचाक्षरी माझ्याकडं वळला. "म्हणजे तुमचे सातशे खरंच होते, अप्पा?" त्याचा चेहरा असा काळाठिक्कर पडला होता की बघत राहावं.

मी तोंड मिटलं आणि सही केली.

त्याला आता बरेच दिवस झाले. नरसिंगची बदली झाली, खोल्यांना कुलूप हाय. रिटर्नमध्ये भाडं मात्र अजून सातशेच भरतो. काय करणार, पंचाक्षरीचा आणि माझा वकील एकच हाय.