अप्पा गाडीचं तेल बदलतात

विश्वनाथअप्पा इंजिन ऑइल चाखून बघतात. चेष्टा नाही करत. नवा डबा फोडायचा, करंगळी बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे. मग पचकन थुंकून निकाल, "जरा कडसर हाय, पण चालंल." पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यायला मी मोटरसायकल काढली होती. आता नुसता कपाळाला हात लावतो.

अप्पा माझे शेजारी. येडशीत चाळीस वर्षं त्यांचा करडईच्या तेलाचा घाणा होता. आता घाणा बंद, काकू गेल्या, आणि घाण्याच्या शेडमध्ये उभी आहे एक लालभडक, दोन दारांची स्पोर्ट्स कार! त्यांच्या मुलाची, महेशची. पुण्यात असताना हौसेनं घेतली, मग नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि गाडी पडली बापाच्या गळ्यात. म्हणजे माझ्याच. गाडी जमिनीला चिकटलेली, अप्पांचं पोट तिच्याखाली मावत नाही, आणि मी शाळामास्तर, अंगानं काडी. दरवर्षी ऑइल बदलायला खाली कोण सरकणार? मीच.

बरं, बाहेर गॅरेजला दाखवू म्हटलं तर गडी तयार नाही. "तेलातलं मला शिकवत्यात व्हय ते?" गेल्या वर्षी मी मापानं बरोबर ऑइल भरलं आणि हात धुवायला गेलो. तेवढ्यात अप्पांनी आणखी एक तांब्या ओतला. का, तर "माप झाल्यावर वरची धार घालायचीच, गुरुजी. धंद्याचा रिवाज हाय." गाडीनं असा निळा धूर सोडला, की डासांची फवारणी आली म्हणून समोरच्या वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या. मग पुन्हा मी खाली.

यंदा महेशनं गाडी विकायलाच काढली. लातूरचं एक गिऱ्हाईक रविवारी दुपारी येणार होतं. महेशचा मला फोन, "सर, तेवढं ऑइल बदलून घ्या. अप्पांच्या मागं लागा." मी हो म्हणालो. अवदसा आठवली, दुसरं काय!

सोमवारी विचारलं तर अप्पांचा उपास. मंगळवारी गुडघा दुखत होता. पुढं दोन दिवस डबा उन्हात. "गार तेल अंग धरतं, गुरुजी." शुक्रवारी कुणाच्या तरी बारशाला गेले. आणि शनिवारी तर मी पाप केल्यासारखे बघायला लागले. "शनवारी तेल? शिकलेलं माणूस तुमी!"

"अहो अप्पा, हे इंजिनाचं! याचा शनीशी काय संबंध?"

"तेल ते तेल."

रविवारी सकाळी एकदाचा मुहूर्त लागला. गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, पुढची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, मी पोतं अंथरून खाली सरकलो आणि बोल्ट सोडून अप्पांच्या हातात दिला. काळंभोर तेल घमेल्यात पडायला लागलं. घमेलं भरेपर्यंत अर्धी गल्ली बाटल्या घेऊन हजर! कुणाला बिजागरीला पाहिजे, कुणाला चौकटीच्या वाळवीला. अप्पा तीर्थ दिल्यासारखं एकेकाला वाटत बसले.

"अप्पा, बोल्ट द्या."

"निथळू द्या की."

अर्ध्या तासानं विचारलं. "थेंब पडायलाय अजून." तासानं थेंबही थांबला, तरी बोल्ट नाही. "इथंच ठिवलता," म्हणाले. मी शेड पालथी घातली. पेंडीची पोती उचलली, घमेल्यात कोपरापर्यंत हात घातला. शोधता शोधता दुपार झाली आणि लातूरकराचा फोन, पाच मिनिटांत पोचतो म्हणून. माझं डोकंच फिरलं.

"अप्पा, आठवडा झाला नाचवताय मला! गाडी द्यायची नाही तर सरळ सांगा की लेकाला!"

वडीलधाऱ्या माणसावर मी असा कधी ओरडलो नव्हतो. अप्पा पायरीवर बसले आणि त्यांनी मूठ उघडली. बोल्ट तिथंच होता.

"दर ऐतवारी फोन येतो त्येचा," ते म्हणाले. "हवा बघितली का, तेल बघितलं का, इचारतो. म्या सांगतो. धा मिनिटं बोलतो, गुरुजी. गाडी गेल्यावर काय इचारंल मला?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. लाज वाटली स्वतःची, आणि महेशचा असा संताप आला की समोर असता तर कान धरला असता. नेमका त्याचाच फोन वाजला.

"सर, झालं का ऑइल?"

"ऑइल गेलं खड्ड्यात," मी म्हणालो. "अप्पांना फोन देतोय. गाडीचं अवाक्षर काढू नकोस. ते जेवले का, तेवढं विचार."

स्पीकर लावून फोन मी अप्पांच्या हातात दिला. फाटकाबाहेर लातूरकराचा हॉर्न वाजायला लागला, तशी मी जाऊन आतून कडी घातली.

"अप्पा," शेवटी महेशचा आवाज आला, "जेवलाव का?"

अप्पांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"न्हाय रे बाळा," ते म्हणाले. "एकट्याला जेवू वाटंना."