उत्तमरावांचा घोडाभत्ता

नागपूरच्या सरकारला काटकसरीचं खूळ लागलं आणि नांदुऱ्यात उत्तमरावांची झोप उडाली. मंदीचे दिवस होते. कापसाला कोणी विचारत नव्हतं, तिजोरीत खडखडाट होता, आणि आता म्हणे सरकारी नोकरांची संख्या आणि भत्ते दोन्ही छाटायचा कायदा झाला होता.

उत्तमराव होते रेव्हिन्यू इन्स्पेक्टर. आपल्या सर्कलमधल्या खेडोपाडी फिरून पटवाऱ्यांचं काम तपासायचं, त्यासाठी घोडा पाळायचा, आणि घोडा पाळतो म्हणून दरमहा घोडाभत्ता घ्यायचा, अशी ही नोकरी. पैकी भत्ता ते न चुकता घेत. घोडा मात्र गेल्या वर्षीच गुपचूप विकून टाकला होता. खरं सांगायचं तर घोड्यावर बसायची त्यांना मनस्वी भीती वाटे. कचेरीत एखादी खुर्ची मिळावी, डोक्यावर छप्पर असावं, एवढंच त्या बापड्याचं स्वप्न. तोवर फिरती पाटील लोकांच्या बैलगाड्यांतून चालली होती.

"उत्तमराव, आयकलं का?" शेजारच्या सर्कलचे इन्स्पेक्टर शेषराव दारातूनच ओरडले. "आपल्या दोन सर्कलचं एक होऊन राह्यलं. दोघातला एकच राहीन. अन् उद्या जिल्ह्याचे साहेब सोता येऊन घोडे पाह्यनार हायेत!"

उत्तमरावांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला.

"घोडे? काऊन? घोड्यायनं काय केलं त्याह्यचं?"

"ज्याच्यापाशी घोडा नाई, त्याची नोकरी गेली समजा. माहा तं मेला. भत्ता मी तवाच बंद करून घेतला. उद्या साहेबाले सांगून टाकतो. काय व्हायचं ते हो."

शेषराव गेले. उत्तमराव बायकोकडे वळून म्हणाले, "हा गेला कामातून. हरिश्चंद्राचा अवतार!"

"अन् तुमचं काय?" पुष्पाबाई म्हणाल्या. "तुमचा घोडा कुठी हाये? त्याच्या नावाचे पैसे तं दर महिन्याले खाऊन राह्यले तुम्ही!"

पायांत वहाणा अडकवून उत्तमराव तडक कडूबा टांगेवाल्याच्या घरी पोचले. कडूबाची लाली नावाची तांबडी घोडी दारात चारा खात उभी होती. अंगानं भरलेली, नजरेनं गरीब. उत्तमरावांना ती साक्षात देवीसारखी दिसली.

"कडूबा, उद्याच्या दिस तुही घोडी दे. पाहिजे ते भाडं घे."

"न्या ना साहेब. पन येक गोठ सांगून ठेवतो, ही लाली हाये ना..."

"काई सांगू नको! अन् कोनापाशी बोलू बी नको!"

कडूबानं खांदे उडवले आणि लगाम हातात दिला.

दुसऱ्या दिवशी डाक बंगल्यासमोरच्या मैदानात साहेब आले. साहेब नागपूरकडचेच, उंचेपुरे, आणि घोड्यांचे भलते शौकीन. शेषरावांनी हात जोडून खरं ते सांगितलं. साहेबांनी नुसतं "हं" केलं आणि त्यांना बाजूला उभं राहायला सांगितलं. उत्तमरावांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एक काटा तर निघाला!

साहेबांनी लालीचे दात पाहिले, खूर पाहिले, मानेवरून हात फिरवला.

"जनावर उत्तम आहे. पण या छातीवर घट्टे कसले हो?"

ते घट्टे टांग्याच्या पट्ट्याचे होते. उत्तमरावांना घाम फुटला, पण जीभ शाबूत होती.

"खोगीर जरा कसून बांधतो, साहेब. सरकारी कामात ढिलाई नको."

"वा! आता बसून एक फेरी मारून दाखवा."

उत्तमराव एका धोंड्यावर चढले आणि तिथून देवाचं नाव घेऊन घोडीवर. लाली शहाण्यासारखी पावलं टाकू लागली. उत्तमरावांना धीर आला. त्यांनी मान ताठ केली, एका हातानं मिशीला पीळसुद्धा दिला. एवढ्यात जलंब स्टेशनाच्या बाजूनं आगगाडीनं शिट्टी दिली.

लालीनं कान टवकारले. सबंध आयुष्य तिनं एकच धडा गिरवला होता. शिट्टी झाली की ठेसन गाठायचं, कारण जो टांगा आधी पोचेल त्याला आधी गिऱ्हाईक. लाली उधळली ती थेट बाजाराच्या रस्त्याला. "अवं लाली! थांब माय!" असं ओरडत उत्तमरावांनी लगाम सोडून तिच्या मानेलाच मिठी मारली. भाजीवालीची टोपली उडाली, वांगी चहूकडे घरंगळली. पागोटं कुठं पडलं ते देवाला ठाऊक. मागून साहेबही आपल्या घोड्याला टाच मारून निघाले. नांदुऱ्यानं असली शर्यत कधी पाहिली नव्हती. लोक दुकानांतून बाहेर येऊन टाळ्या पिटू लागले!

स्टेशनच्या फाटकाशी लाली गपकन थांबली आणि टांग्यांच्या रांगेत आपल्या नेहमीच्या जागी मान खाली घालून उभी राहिली. उत्तमराव अजून डोळे मिटूनच होते. तेवढ्यात त्यांच्या मांडीवर धपकन एक गाठोडं आदळलं.

"रोहिनखेडले काय घेशीन, बाप्पा?" सोजराबाई नावाची म्हातारी विचारत होती. "अन् टांगा कुठी हाये तुहा?"

"आजी, मी सरकारी मानूस हावो!"

"सरकारी? मंग तं फुकटच नेशीन!"

गाठोडं कुठं ठेवावं या विवंचनेत उत्तमराव असतानाच समोर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. मागं हमालाच्या डोक्यावर दोन ट्रंका. त्यांनी उत्तमरावांचा सरकारी कोट आणि बिल्ला न्याहाळला.

"साहेबांनी मला घ्यायला पाठवलं ना तुम्हाला? म्हणजे आठवण राहिली म्हणायची! मला वाटलं होतं, विसरले असतील."

त्या साहेबांच्या पत्नी होत्या. आणि नेमके त्याच क्षणी साहेब घोडा फेकत येऊन थडकले. चेहरा रागानं लाल झाला होता.

"उत्तमराव! हा काय तमा..."

बाईंवर नजर पडताच त्यांनी लगाम खेचला.

"अगं, तू? आज?"

"म्हणजे विसरलातच ना?" बाईसाहेबांनी कमरेवर हात ठेवले.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी उत्तमरावांकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, गयावया होती. उत्तमरावांनी गाठोडं छातीशी धरून मान लववली.

"साहेबांनीच धाडलं, बाईसाहेब. म्हणाले, घोडी मेली तरी चालेल, पण गाडीला उशीर होता कामा नये."

"हो, हो! मीच!" साहेब घाईघाईनं म्हणाले. "दौडतच पिटाळलं त्यांना!"

दुपारी डाक बंगल्यावर दोघांना बोलावणं आलं. शेषराव पांढरेफटक पडले होते. उत्तमरावांना आनंद लपवता येईना.

"शेषराव," साहेब म्हणाले, "घोड्याशिवाय फिरती व्हायची नाही. तुमची जागा कमी करावी लागेल. मात्र कमी केलेल्या माणसाला दुसऱ्या रिकाम्या जागेवर घ्यावं, असं नव्या नियमात आहे. मलकापूरच्या कचेरीत जागा आहे. बसून काम, पगार हाच. चालेल?"

शेषरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं. उत्तमरावांच्याही आलं, पण वेगळ्या कारणानं.

"साहेब," ते पुढं सरकले, "तशी खुर्ची मलाही..."

"तुम्हाला?" साहेब खो खो हसले. "असा स्वार खुर्चीत बसवला तर सरकारचं नुकसान नाही का? दोन्ही सर्कल आजपासून तुमची. इकडे नांदुरा, तिकडे घाटापर्यंत. आणि पुढच्या खेपेला येईन तेव्हा हीच घोडी दिसली पाहिजे. बाईसाहेबांना फार आवडलीय ती!"

नांदुऱ्यात बातम्यांना पाय लागत नाहीत. उत्तमराव लालीला घेऊन तिचा भाव विचारायला गेले, तेव्हा कडूबा तिच्यासाठी झेंडूची माळ घेऊन दारातच उभा होता.

"इकत घ्यायची म्हन्ता? मंग भाव दुप्पट, साहेब. आता ती सरकारी नजरेत भरली."

उत्तमराव मान खाली घालून लालीसकट घरी आले. ओसरीवर शेषराव पेढे घेऊन बसलेच होते.

"उत्तमराव, तुमच्यापायी खुर्ची भेटली मले! तुमची घोडी नसती उधळली तं साहेबाचा मिजाज काई इतका खुश होत नव्हता."

पुष्पाबाईंनी उंबऱ्यातून घोडीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"राह्यली ना नोकरी?"

"राह्यली."

"मंग असे उभे काऊन? पाट मांडला, बसा ना जेवाले."

उत्तमरावांनी पाटाकडं पाहिलं, बसायचा एक प्रयत्न केला, आणि कण्हत पुन्हा सरळ झाले.

"उभ्यानंच जेवतो, वाढ," ते म्हणाले. "आता आदत करा लागन."