डिंगरेकाकांचं वाईट साल

डिंगरेकाकांना 'कसं काय चाललंय?' असं विचारलं, की ते क्षणभर विचार करतात आणि म्हणतात, "बरं म्हणायचं. आठशे दहापेक्षा बरं."

हे इसवी सन आठशे दहा. स्थळ युरोप, फ्रँक लोकांच्या बादशहाचं राज्य. इथले, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेतले आमचे शेजारी, केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, मूळ साताऱ्याचे काका या एका वर्षात राहतात. मागच्यापुढच्या वर्षांशी त्यांना कर्तव्य नाही. अंडी महागली असं कुणी म्हटलं, की ते सांगतात, त्या साली रोगाने गुरं पटापट मेली, सैन्याचे बैलसुद्धा उरले नाहीत. मराठी मंडळाच्या अध्यक्षांना त्यांच्याच कमिटीने काढलं, तेव्हा काका सांत्वनाला गेले. म्हणाले, "त्या साली डेन्मार्कच्या राजाला त्याच्याच माणसाने ठार केलं. तुमचं नुसतं रेझिग्नेशन घेतलं."

सगळ्यात लाडका विषय हत्तीचा. बगदादच्या खलिफाने बादशहाला एक हत्ती भेट पाठवला होता. तो समुद्र ओलांडून, आल्प्स पार करून त्या थंडीत गेला, काही वर्षं जगला आणि आठशे दहात अचानक मेला. "आपल्याकडचाच असणार," काका म्हणतात. "एच-वन व्हिसा नाही, ग्रीन कार्ड नाही, तरी राहिला बिचारा."

हे वेड पूर्वी नव्हतं. त्यांचा एकुलता मुलगा अमेय टर्नपाइक हायवेवरच्या अपघातात गेला, त्यानंतर ते सुरू झालं. अमेयबद्दल काका कधीच बोलले नाहीत. नावसुद्धा घेतलं नाही. काकू एकदा मला म्हणाल्या, "रडले नाहीत तरी चालेल गं. नुसतं नाव घेऊ देत. त्याला मी एकटीनेच वाढवला की काय, असं वाटायला लागलंय."

गेल्या हिवाळ्यात माझा नवरा, श्रीधर, गेला. भेटायला येणारे सगळे हळू आवाजात बोलायचे. काका आले ते कोट न काढताच हत्तीबद्दल बोलत बसले. त्या दिवसांत मला तेवढंच ऐकवत होतं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. घरी परतायची घाई उरली नव्हती, म्हणून संध्याकाळी तिथेच थांबून त्या सालाबद्दल वाचू लागले. आठशे दहाच्याच उन्हाळ्यात बादशहाची मुलगी वारली होती आणि पाठोपाठ कर्ता मुलगा. गुरांचा रोग तपशीलवार सांगणाऱ्या काकांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

सर्वपित्री अमावस्येला काकूंनी मला जेवायला बोलावलं. मागच्या डेकवर काकांनी एक पान वाढून घेतलं होतं: वडे, खीर, कोशिंबीर. हत्तीसाठी. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचाच हा दिवस, आणि तो कोणत्या दिवशी मेला हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. कावळा काही येत नव्हता. कठड्यावर एक खार येऊन वड्यांकडे बघत होती. काकांनी तिला हाकललं नाही. काकू कोशिंबिरीचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या.

मी म्हटलं, "काका, त्याच साली बादशहाची मुलगी गेली ना? आणि मुलगा?"

ते उठून आत जातील असं मला वाटलं. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"मुलगी जूनमध्ये," काका म्हणाले. "मुलगा जुलैत. बाप फार रडला म्हणतात. एवढा बादशहा, पण सगळ्यांदेखत रडला." मग त्यांनी समोरचं पान थोडं सरळ केलं. "मला ते जमलं नाही."

खार वडा घेऊन पळाली. काकांनी मान वर केली नाही.

"अगं, अजून एक पान घे," ते काकूंना म्हणाले. "कोशिंबिरीत मिरची नको. अमेयला चालत नाही."

काकू आत गेल्या नाहीत. तिथेच पायरीवर बसल्या, भांडं मांडीवर घेतलं आणि मिरचीचे तुकडे बोटांनी एकेक करून वेचू लागल्या.